चोडण आणि कुंभारजुवे : ओहोटी पाहून आखायची एक दिवसाची सहल

गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यातल्या मगरी आणि चोडण बेटावरच्या कांदळवनातले पक्षी ही दोन्ही ठिकाणे मार्गदर्शक बरोबर घेऊन एकाच दिवसात नीट पाहून होतात. मात्र ती सहल रविवार पाहून नव्हे, तर ओहोटी पाहून ठरवावी लागते. एवढे एक वाक्य मला कोणी आधी सांगितले असते, तर माझी पहिली फेरी वाया गेली नसती. त्या वेळी पुण्याहून मावशी आणि मावसभावाची मुले आली होती, सुट्टीचा दिवस होता, एका सहल आयोजकाने ‘मगरी हमखास दिसतात’ असे सांगून आगाऊ पैसे घेतले होते, आणि त्या दिवशी एकादशी आहे हे आमच्यापैकी फक्त मावशीला, तेही उपवासामुळे, ठाऊक होते. साडेआठला आम्ही होडीत बसलो तेव्हा कालव्याचे पाणी बांधांच्या कडेला टेकले होते, चिखलाची एक फूटभर पट्टीदेखील कुठे उघडी नव्हती, आणि तीन तासांत आम्हांला दिसले ते दोन बगळे, एक खंड्या आणि पुष्कळशी प्लॅस्टिकची बाटली-पिशवी. ‘मगरींचाही आज उपवास असेल,’ असे मावशी म्हणाली. पुढे भरती-ओहोटीचे गणित शिकलो तेव्हा लक्षात आले की एकादशीचा आणि त्या फजितीचा संबंध खरोखरच होता.

आधी जागा समजून घ्यावी. मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्या समुद्राला जवळजवळ शेजारी शेजारी मिळतात, आणि मुखापासून बऱ्याच आत कुंभारजुवे कालवा त्यांना एकमेकींशी जोडतो. ‘कालवा’ म्हटले की पाटबंधारे खात्याने खणलेला सरळ चर डोळ्यांसमोर येतो, पण हा सुमारे पंधरा किलोमीटर लांबीचा, वळणे घेत जाणारा खाडीसारखा प्रवाह आहे. त्याच्यामुळेच तिसवाडीचा भाग फोंडा महालापासून सुटा होऊन बेटासारखा राहिला आहे. चोडण हे मांडवीतले बेट असून त्याच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे मोठ्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. मोलेच्या अभयारण्यात जीपगाडीतून तासन्‌तास फिरूनही जे प्राणी झाडीआड राहतात, त्या मानाने इथे सगळे उघड्यावर असते. चिखल उघडा असला तरच ते दिसते, एवढीच अट आहे.

ही अट का, हे मगरीच्या शरीरात दडलेले आहे. मगरीला स्वतःच्या शरीराची ऊब स्वतः निर्माण करता येत नाही. हिवाळ्याच्या रात्रभर गार झालेले अंग तापवण्यासाठी तिला सकाळच्या उन्हात पाण्याबाहेर पडून राहावे लागते, आणि कालव्यात पडून राहण्याजोगी जागा म्हणजे ओहोटीने उघडा पडलेला उताराचा चिखल. पाणी वर असेल तर ती कांदळाच्या मुळ्यांत किंवा पाण्यातच राहते, मग तुमचा मार्गदर्शक कितीही जाणता असो. म्हणून आपल्याला असा दिवस हवा, की ज्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास पूर्ण ओहोटी असेल. याउलट चोडणच्या कांदळवनातल्या अरुंद फाट्यांमध्ये होडी शिरायची तर पाणी चढलेले लागते, कारण ओहोटीत त्या फाट्यांचा तळ उघडा पडतो आणि होडी रुतते. सकाळी दहाला ओहोटी असली की दुपारी चारला भरती असतेच. कालवा सकाळी आणि चोडण दुपारी हा क्रम पाण्यानेच लावून दिलेला आहे, आणि तो उलटा करणारा आयोजक भेटला तर त्याला कारण अवश्य विचारावे.

दिवस शोधायला दोन साधने आहेत. पहिले म्हणजे किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पाऊणपटीचा हिशोब : तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीचे उदाहरण घेऊ. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे पावणेचारला भरती भरली. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांपेक्षा थोडा अधिक वेळ जातो, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी आणि दुपारी चारनंतर पुन्हा भरती. एकादशीला हेच गणित सव्वाआठला भरती दाखवते, आणि आमची फजिती नेमकी त्याच वेळी झाली. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, हे त्या पाऊणपटीचे मूळ आहे. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय नदीत आत जावे तशी भरती मुखापेक्षा उशिरा पोहोचते, याचे भान ठेवावे.

दुसरे साधन अधिक काटेकोर आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. त्यांतला मुरगाव बंदराचा तक्ता आपल्या कामाचा, आणि तोच आकडा आता मोबाइलवरच्या अनेक अ‍ॅपमध्येही मिळतो. तक्त्यात वेळेबरोबर पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते आणि पुष्कळ लोक तिच्याकडे पाहतच नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक खोल जाते, दुसरी अर्ध्यावर थांबते. सकाळच्या ओहोटीपुढचा आकडा जितका लहान, तितका चिखल अधिक उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खोल ओसरते खरे, पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला सोयीची येते, पण भांगाचे, म्हणजे उधाणाच्या उलट मंद भरती-ओहोटीचे दिवस असल्याने पाणी फारसे उतरत नाही. या दोन टोकांच्या मधले, म्हणजे तृतीयेपासून षष्ठीपर्यंतचे दिवस माझ्या अनुभवात सर्वांत फलदायी ठरले आहेत. त्यांत शनिवार-रविवार आला तर उत्तम, नाही आला तर एक दिवसाची रजा टाकावी. सगळ्या खर्चात तीच सर्वांत कामाची ठरते.

महिन्यांचे उत्तर सोपे आहे. जून ते सप्टेंबर या काळात नद्या लाल, फुगलेल्या असतात आणि होड्या बहुधा बंद असतात. ऑक्टोबरपासून स्थलांतरित पक्षी उतरू लागतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम, आणि मार्चनंतर ऊन इतके तापते की मगरी नऊच्या आतच पाण्यात परततात.

मार्गदर्शक निवडताना मी आता पाच-सहा प्रश्न ठरवून विचारतो. होडीची बंदर कप्तान खात्याकडे नोंदणी आहे का, हा पहिला. हा प्रश्न विचारला की समोरच्या माणसाचा स्वर बदलतो का, हेही ऐकावे. माणसागणिक लाइफ जॅकेट आहे का आणि मुलांच्या मापाचे वेगळे आहे का, हा दुसरा. मोठ्यांच्या जॅकेटमध्ये सहा वर्षांचे मूल बांधले तर पाण्यात पडल्यावर मूल खाली जाते आणि जॅकेट वर राहते. होडीत किती जण बसवणार हेही विचारावे, कारण दहाबारा जणांच्या पुढे होडी गेली की शांतता राहत नाही. माझ्या दृष्टीने कसोटीचा प्रश्न असा : ‘अमुक तारखेला कालव्यात ओहोटी किती वाजता?’ जो क्षणभर आकाशाकडे किंवा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून उत्तर देतो, तो आपला माणूस. ‘कधीही या, मगर दाखवतो’ असे म्हणणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. शेवटी, मगरींना कोंबडी किंवा मासळीचे अवशेष टाकून जवळ बोलावले जाते का, हे स्पष्ट विचारून तसे करू नये असे आधीच सांगून ठेवावे. मगर ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे सर्वाधिक संरक्षण लाभलेली प्रजाती आहे. शिवाय होडीचा आवाज म्हणजे खाणे असा तिचा समज झाला तर त्याची किंमत पुढे बांधावर काम करणाऱ्या शेतकऱ्याला किंवा गरी टाकून बसलेल्या पोराला मोजावी लागते.

पाखरांची माहिती असलेला मार्गदर्शक आणि होडी चालवणारा तांडेल ही बहुधा दोन वेगळी माणसे असतात. मार्गदर्शकाकडे दुर्बीण आणि नावे असतात. पाणी कुठे उथळ आहे, कालच्या दिवशी मगर कोणत्या वळणावर होती, वारा कधी फिरेल, हे तांडेलाकडे असते. होडीत चढताना तांडेलाशी ‘काका, आज पाणी कसे आहे?’ एवढे बोलून घ्यावे. त्यानंतर तो सहसा दुप्पट उत्साहाने दाखवतो.

बरोबर घ्यायच्या वस्तूंत दुर्बिणीला पहिला मान. आठपट मोठे दाखवणारी आणि बेचाळीस मिलिमीटरची भिंगे असलेली, म्हणजे ८×४२ मापाची दुर्बीण हलत्या होडीत सर्वांत सोयीची पडते. बारापट मोठे दाखवणारी घेतली तर हाताचा कंपही बारापट मोठा होतो. कपडे मळखाऊ रंगाचे असावेत, पांढरा शुभ्र किंवा भडक लाल सदरा पक्ष्यांना लांबूनच कळतो. टोपी, पिण्याचे पाणी आणि पायांत पट्ट्याच्या सँडल इतके पुरे. पायांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण आपण ओहोटीला होडीत चढणार आहोत, आणि ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यांवर शेवाळ असते आणि होडी धक्क्याच्या बरीच खाली गेलेली असते. वयस्क माणूस बरोबर असेल तर त्याला उतरवायला एक जण होडीत आणि एक जण पायरीवर असा थांबावा, आणि घाई करू नये. होडीत स्वच्छतागृह नसते, तेव्हा चहाचा दुसरा पेला परतल्यावर घ्यावा.

बाणस्तारीच्या पुलाजवळून होडी सुटणार असेल तर पणजीकरांना आणि फोंडेकरांना जवळपास सारखेच अंतर पडते. बाणस्तारीचा आठवड्याचा बाजार गुरुवारी भरतो, त्या दिवशी गाडी लावायला जागा मिळणे कठीण होते, एवढे सांभाळावे. सकाळी साडेसातला भाजी-पाव खाऊन आठच्या आत धक्क्यावर पोहोचावे. ओहोटीची पूर्ण वेळ दहाची असली तरी मगरी पाणी उतरू लागल्यापासूनच वर येऊ लागतात, आणि साडेआठ ते साडेदहा हे दोन तास सर्वांत मोलाचे असतात.

कालव्यात शिरल्यावर मगर शोधण्याऐवजी आधी तिच्या खुणा शोधाव्यात. उताराच्या चिखलावर पाण्यापर्यंत गेलेली, मुलांच्या घसरगुंडीसारखी गुळगुळीत पन्हळ दिसली आणि तिच्या मधोमध शेपटीची रेघ असली, तर ती मगरीच्या येण्या-जाण्याची वाट. ताजी पन्हळ ओली आणि चकचकीत असते. काठ सुकून फुटलेले असले तर ती कालची. मगरीचा रंगही फसवतो. पाण्यातून नुकतीच वर आलेली मगर काळपट, जवळजवळ चिखलाच्या रंगाची असते, आणि तास-दीड तास उन्हात पडलेली मगर फिकट राखी दिसते, कारण तिच्या पाठीवरचा चिखल सुकतो. आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तांडेलाने इंजिन बंद करून होडी बांबूने ढकलत एका वळणावर आणली आणि काहीच न बोलता हनुवटीने डावीकडे खूण केली. मी दोन मिनिटे एका ओंडक्याकडे पाहत होतो. त्याच्या पाठीवरचा चिखल शेणाने सारवलेल्या जमिनीसारखा बारीक भेगाळला होता, दोन चतुर त्यावर बसले होते, आणि मग त्या ओंडक्याने सावकाश तोंड उघडले व ते तसेच उघडे ठेवले. तोंड उघडणे हा राग नव्हे. अंग पुरेसे तापले की मगर जबड्याच्या आतल्या ओलसर कातडीतून उष्णता बाहेर टाकते. आ वासलेली मगर म्हणजे तिची उन्हाची गरज भागत आली आहे आणि ती थोड्याच वेळात पाण्यात जाणार आहे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ घ्यावा आणि छायाचित्र तेव्हाच काढून घ्यावे.

इथली मगर ही गोड्या पाण्यातली, नद्या-तलावांत राहणारी रुंद तोंडाची जात आहे. ओडिशाच्या भितरकणिकात किंवा सुंदरबनात आढळणारी खाऱ्या पाण्यातली मोठी मगर ती ही नव्हे. तरीही ती या भरतीच्या मचूळ-खाऱ्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे, आणि याच कारणाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांना कुंभारजुव्याचे कुतूहल वाटत आले आहे. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पाण्याच्या पातळीच्या वर खळगा करून अंडी घालते, आणि त्या काळात एखाद्या ठिकाणी होडी थांबवायला तांडेलाने नकार दिला तर हुज्जत घालू नये.

दोन्ही काठांना जे बांध दिसतात, त्यांच्यामागे खाजन शेती आहे. समुद्रसपाटीच्या पातळीची किंवा तिच्याहून थोडी खालची ही जमीन खाऱ्या पाण्यापासून राखण्यासाठी आपल्या पूर्वजांनी चिखलमातीचे बांध घातले आणि त्यांत मानशी बसवल्या. मानस म्हणजे लाकडी झडपेचे दार. बाहेरून भरतीचे पाणी दाबू लागले की झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडते, आणि सगळे काम कोणत्याही यंत्राशिवाय होते. ओहोटीच्या वेळी मानशीजवळ होडी दोन मिनिटे थांबवायला सांगावी. आतून वाहत येणाऱ्या पाण्याबरोबर बारीक मासळी बाहेर येते आणि ती टिपायला बगळे, वंचक आणि खंड्ये रांग लावून बसलेले असतात. कधी नशीब जोरावर असेल तर पाणमांजरांचा कळपही दिसतो. त्यांचे येणे आधी कानांना कळते, कारण आपापसांत चिवचिवाट केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

बांधाशी मगरीचे नाते श्रद्धेचेही आहे. कोकणीत मगरीला मानगे म्हणतात, आणि कालव्यापासून जवळच असलेल्या दुर्भाट परिसरात पौष अमावास्येला शेताच्या बांधावर चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. ‘मानगे थापणी’ असे त्या विधीला म्हणतात. बांध राखणारी, शेताची सोबतीण म्हणून तिला मान आहे. त्या सुमारास तुम्ही गेलात आणि बांधावर अशी मगर दिसली, तर लांबून पाहावी. होडीतून उतरून तिच्यासोबत छायाचित्र काढून घेण्याचा मोह मात्र आवरावा.

होडीतले वागणे थोडक्यात सांगतो. हात पाण्यात सोडू नयेत, उभे राहू नये, मुलांना मधल्या फळीवर बसवावे, आणि मगर दिसली की सगळ्यांनी एकाच बाजूला सरकू नये, कारण धोका मगरीपासून कमी आणि होडी कलंडण्यापासून अधिक असतो. जवळ जायचा हट्ट धरू नये. मगर डोके उचलून आपल्याकडे वळली, म्हणजे आपण तिच्या सोयीपेक्षा जवळ आलो आहोत. तिला पाण्यात पळवून लावणारी होडी मागून येणाऱ्या प्रत्येक होडीचा दिवस खराब करते, आणि थंडीत ऊन अर्धवट सोडावे लागलेल्या मगरीचाही.

अकराच्या सुमारास परतून बाणस्तारी किंवा जुने गोवे इथे जेवून घ्यावे. मासळीची थाळी झाल्यावर डुलकी येते हे मान्य आहे, तरी एक वाजता गाडीत बसावे. जुन्या गोव्याहून रिबंदरच्या फेरी धक्क्यापर्यंत अंतर थोडेच आहे. पणजीहून थेट चोडणला जाणाऱ्यांनी पणजी-रिबंदरचा जुना कॉजवे पकडावा. १६३३-३४ साली पोर्तुगीजांनी बांधलेल्या या सुमारे तीन किलोमीटरच्या रस्त्याला लागून खारफुटी आणि मिठागरे आहेत, आणि भरती चढत असताना चिखलावरून हुसकावले गेलेले तुतवार आणि शेकाटे तिथल्या उथळ पाण्यात उतरतात. पुष्कळ पक्षीनिरीक्षक तिथेच अर्धा तास अडकतात. मीही अडकतो, म्हणून ही वेळ हिशोबात धरूनच निघावे.

फेरीबोट नदी परिवहन खात्याची असते आणि नदी ओलांडायला फार वेळ लागत नाही. गाडी रिबंदरलाच ठेवावी, असे मी सुचवतो. अभयारण्याचे दार चोडणच्या धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, गाडीचा तिथे काही उपयोग नाही, आणि संध्याकाळी परतताना गाड्यांची रांग लागते तेव्हा पायी चालणारा सर्वांत आधी बोटीत असतो. आत पक्षी पाहण्यासाठी बांधलेली पायवाट आणि निरीक्षण मनोरा आहे. कांदळवनाच्या फाट्यांतून होडीने जायचे असेल तर आदल्या दिवशीच तशी व्यवस्था करून ठेवावी आणि भरतीच्या दीड तास आधीची वेळ मागून घ्यावी, म्हणजे पाणी चढत असताना आत शिरता येते आणि उतरू लागण्याआधी बाहेर पडता येते.

आत शिरल्यावर पहिली पाच मिनिटे पक्षी विसरून झाडांकडे पाहावे. खालून कमानीसारख्या मुळ्यांवर तोललेले झाड म्हणजे कांदळ. चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या खोचल्यासारखी मुळे ज्याच्या भोवती दिसतात ते तिवर. या पेन्सिली म्हणजे श्वसनमुळे. चिखलात हवा नसल्याने झाड मुळे वर काढून श्वास घेते. तिवराचे एखादे पान खालून नीट पाहावे, आणि मार्गदर्शकाची हरकत नसेल तर न तोडता जिभेचे टोक लावून पाहावे : खारट लागते. मुळांतून वर आलेले मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो, आणि कोरड्या दिवशी ते पांढऱ्या कणांच्या रूपात डोळ्यांनाही दिसते. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब, टोकदार रोप फांदीला लोंबत राहते. ओहोटीच्या वेळी ते सुटले तर टोकाने चिखलात उभे खोचले जाते, भरतीत सुटले तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. मुलांना हे दाखवावे, मगरीपेक्षाही अधिक वेळ ती याच्याबद्दल बोलतात.

पाण्याच्या कडेला उरलेल्या चिखलावर निवट्या दिसतात. बोटाएवढा हा मासा पुढच्या परांवर कोपरे टेकून रांगतो, फुगवलेल्या गालांत पाणी धरून ठेवतो आणि डोळे डोक्याच्या वर असल्याने एकाच वेळी चहूकडे पाहतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पंखा उभारून उड्या मारतात. तिथेच एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले इवलेसे खेकडे ती नांगी वरखाली हलवत बिळाशी उभे असतात. वर्गात बोट वर करून ‘मी, सर, मी!’ म्हणणाऱ्या मुलासारखे.

पक्ष्यांपैकी साधा पांढऱ्या छातीचा खंड्या आणि कवड्या खंड्या कुठेही दिसतील. इथे मुद्दाम शोधावा तो पांढऱ्या गळपट्ट्याचा निळा-हिरवा खंड्या. तो कांदळवनाचाच रहिवासी आहे, आणि केवळ त्याच्यासाठी दुरून पक्षीनिरीक्षक चोडणला येतात. तो पाण्यावरच्या उघड्या फांदीवर बराच वेळ निश्चल बसतो आणि बहुधा आधी त्याची कर्कश हाक ऐकू येते, मग तो दिसतो. काळ्या टोपीचा खंड्या त्याच्यापेक्षा बुजरा. वर पाहिले की तांबूस अंगाची, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार, हिवाळ्यात मासे पकडायला येणारा ऑस्प्रे, आणि क्वचित समुद्री गरुड दिसतो. डोक्यावर पिसे नसलेला, उंच, गंभीर चेहऱ्याचा लेसर अ‍ॅडजुटंट करकोचा दिसला तर त्या दिवशी लॉटरीचे तिकीट घ्यायला हरकत नाही. मोकळ्या पाण्यावर थंडीच्या दिवसांत उत्तरेकडून आलेली तलवार बदकेही उतरतात. शेपटीच्या सुईसारख्या टोकावरून ती ओळखावीत. नावांची यादी पूर्ण करण्याच्या मागे लागू नये. एका फांदीवरच्या एका खंड्याने मासा पकडून, फांदीवर आपटून, डोक्याकडून गिळेपर्यंत पाहिला, तर तेवढी दुपार पुरते.

हिवाळ्यात दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मांडवीच्या रुंद पात्रात लहान लाटा उठतात. होडी फाट्यातून बाहेर आली की पाण्याचे तुषार अंगावर येतात, तेव्हा कॅमेरा त्याआधीच पिशवीत ठेवावा. खनिज वाहणाऱ्या बार्जची लाट त्याहून मोठी असते. बार्ज जवळून जात असताना तांडेल होडीचे नाक तिच्याकडे वळवतो, त्या वेळी घाबरून उभे राहू नये. डिसेंबर-जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर डास निघतात, म्हणून साडेपाचलाच धक्क्याकडे परतावे. फेरीबोटीत डाव्या कठड्याशी उभे राहिले तर नदीच्या वरच्या अंगाला जुन्या गोव्याची झाडी दिसते, आणि कधी कधी तिच्या पार्श्वभूमीवर दिवसभर चिखलात चरलेल्या बगळ्यांच्या ओळी झोपायच्या झाडांकडे जाताना दिसतात. गेल्या खेपेला मावशीने त्या मोजायला घेतल्या होत्या. दीडशेपर्यंत पोहोचली आणि बोट रिबंदरला लागली.